पाचशेच्या स्टॅम्पवर घटस्फोट होत नाही

एक संदेश सध्या नातलगांच्या, सोसायटीच्या आणि वधू-वर सूचक मंडळांच्या ग्रुपवर फिरतो आहे. गेल्या काही महिन्यांत चार वेगवेगळ्या अशिलांनी तो मला मोबाइलवर दाखवला आणि प्रत्येकीने विचारलं, ‘ताई, हे खरं आहे ना?’ संदेश थोडक्यात असा: नवरा-बायको दोघं राजी असतील तर कोर्टाची पायरी चढायची गरज नाही, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरीसमोर सह्या केल्या की घटस्फोट झाला. सात वर्षं वेगळे राहिलात तर तेवढंही नको, लग्न आपोआप संपतं. सुप्रीम कोर्टाने सहा महिन्यांची अट काढून टाकली आहे. कोर्टात जायचंच झालं तर जिथे लग्न लागलं तिथेच जावं लागतं. आणि कोणाचा घटस्फोट झाला आहे की नाही, हे नाव टाकून ऑनलाइन पाहता येतं; तिथे दिसलं नाही तर झालेला नाही.

मी कौटुंबिक खटले चालवणारी वकील आहे. या पाचही गोष्टी चुकीच्या आहेत. काहींच्या मुळाशी खऱ्याचा एक कण आहे, आणि त्या कणामुळेच माणसं फसतात. इथे मी हिंदू विवाह कायद्याबद्दल लिहिते आहे. तो 1955 चा कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू होतो. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी विवाहांचे आणि 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली झालेल्या नोंदणी विवाहांचे नियम वेगळे आहेत.

स्टॅम्पपेपरपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्याने होतं.

मराठवाड्यातली एक बाई माझ्याकडे आली तेव्हा तिच्या पिशवीत प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेला शंभराचा स्टॅम्प होता. वर टाइप केलं होतं ‘फारकतनामा’. दोन्हीकडच्या चार-चार माणसांच्या सह्या, नोटरीचा लाल गोल शिक्का, खाली तिचा अंगठा. तिला सही करता येते, तरी घाईत अंगठा घेतला होता. सासरच्यांनी सांगितलं, तू मोकळी झालीस. सहा महिन्यांत नवऱ्याने दुसरं लग्न केलं. पाच वर्षांनी तिलाही स्थळ आलं, आणि मुलाच्या बहिणीने विचारलं, ‘कोर्टाचा हुकूमनामा कुठे आहे?’ त्या दिवशी तिला कळलं की कायद्याच्या नजरेत ती अजून त्याच माणसाची बायको आहे.

हिंदू विवाह मोडतो तो न्यायालयाच्या हुकूमनाम्याने. नोटरीचं काम सही कोणी केली हे प्रमाणित करण्याचं. लग्न लावण्याचा किंवा मोडण्याचा अधिकार त्याला कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय विधी मंत्रालयाने देशभरच्या नोटरींना हेच लेखी बजावलं. स्टॅम्प शंभराचा असो की आता लागतो तसा पाचशेचा, त्याच्या किमतीने कागदाचं वजन वाढत नाही.

खऱ्याचा कण इथे असा आहे की कायद्याच्या कलम 29(2) मध्ये रूढीने चालत आलेल्या घटस्फोटाला जागा ठेवली आहे. महाराष्ट्रात अनेक समाजांत सोडचिठ्ठी, काडीमोड, फारकत अशा रीती होत्याच. पण रूढी आहे असं नुसतं म्हणून भागत नाही. ती त्या समाजात पूर्वापार, अखंड आणि निश्चित स्वरूपात पाळली जाते, हे दाव्यात मांडून पुराव्याने सिद्ध करावं लागतं. सुप्रीम कोर्टाने हे एकदा नव्हे, अनेकदा सांगितलं आहे. म्हणजे ज्या कोर्टाची पायरी टाळायला तो कागद केला, वाद झाला की त्याच कोर्टात जाऊन तो सिद्ध करायचा, तेही वीस वर्षांनी, साक्षीदार थकले-गेले असताना. ‘आमच्यात चालतं’ असं सांगणाऱ्या पाहुण्यांपैकी साक्षीला कितीजण येतात, हे मी पाहिलेलं आहे.

दरम्यान ज्याने दुसरं लग्न केलं, त्याचं ते लग्न कलम 11 प्रमाणे निरर्थक ठरतं. पहिलं लग्न कायम असताना दुसरं करणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 प्रमाणे सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि पहिलं लग्न लपवून केलं असेल तर दहा वर्षांपर्यंत. सगळ्यात वाईट गत होते ती त्या दुसऱ्या बाईची. कागद पाहून तिने विश्वास ठेवलेला असतो. नवरा गेल्यावर निवृत्तिवेतनाच्या अर्जासोबत हुकूमनामा मागतात तेव्हा तिच्या हातात काहीच नसतं. मुलं मात्र कलम 16 मुळे औरसच मानली जातात. घाबरलेल्या आयांना मी हे पहिल्यांदा सांगते.

सात वर्षांची गोष्ट कुठून आली असेल हे मला दिसतं. जो माणूस जिवंत असल्याचं सात वर्षांत कोणालाही, म्हणजे ज्यांना स्वाभाविकपणे कळायला हवं होतं त्या माणसांनाही, ऐकू आलेलं नाही, त्याच्याविरुद्ध घटस्फोट मागण्याचं कारण कलम 13 मध्ये आहे. ते मागण्याचं कारण आहे. त्यासाठीही याचिका करावी लागते, जाहीर नोटीस द्यावी लागते, पुरावा द्यावा लागतो. नवरा पुण्यात राहतो, दिवाळीला त्याच्या आईचा फोन येतो, फक्त तो नांदवत नाही, अशा बाईला हे कारण लागूच होत नाही. तिच्यासाठी त्याच कलमात परित्यागाचं कारण आहे आणि त्याची मुदत दोन वर्षांची आहे. सात वर्षं वाट पाहत बसण्याचा सल्ला देणारा संदेश तिची पाच वर्षं फुकट घालवतो. आणि वर्षं कितीही लोटली तरी ‘आपोआप’ हा शब्द या कायद्यात कुठेच नाही.

सहा महिन्यांच्या अटीचं आता. परस्पर संमतीच्या घटस्फोटाची तरतूद, कलम 13ब, 1976 मध्ये आली. तिची रचना अशी: दोघं किमान एक वर्ष वेगळे राहत असले पाहिजेत, मग एकत्र याचिका, त्यानंतर सहा महिने थांबून दुसऱ्यांदा कोर्टापुढे यायचं, आणि हे अठरा महिन्यांच्या आत. 12 सप्टेंबर 2017 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने एवढंच म्हटलं की हे सहा महिने सक्तीचे नाहीत, न्यायाधीशांना योग्य वाटलं तर ते माफ करता येतात. कधी? याचिका करण्याआधीच वेगळं राहून दीड वर्ष झालेलं असेल, समेटाचे प्रयत्न खुंटले असतील, पोटगी आणि मुलांचा ताबा यांचा खरोखर निकाल लागला असेल, आणि थांबण्याने फक्त त्रासच लांबणार असेल तर. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. अट काढलेली नाही, ती माफ करण्याची खिडकी उघडली आहे. सहा महिन्यांपूर्वी लग्न झालेल्या जोडप्याला हा संदेश वाचून माझ्याकडे यावंसं वाटलं होतं. त्यांना मला सांगावं लागलं की कलम 14 प्रमाणे लग्नाला एक वर्ष होईपर्यंत, असाधारण हालअपेष्टांची बाब सोडली तर, याचिकाच ऐकली जात नाही.

याच मुद्द्यात 1 मे 2023 च्या घटनापीठाच्या निकालाची सरमिसळ होते. लग्न कायमचं मोडकळीला आलं म्हणून ते संपवण्याचा अधिकार त्या निकालाने सुप्रीम कोर्टाकडे, राज्यघटनेच्या अनुच्छेद 142 खाली, मानला आहे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या न्यायालयाकडे तो नाही, आणि त्यासाठी थेट सुप्रीम कोर्टात रिट करून जाताही येत नाही.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात बायकांनी लक्षात ठेवावं असं एक आहे. संमती शेवटच्या तारखेपर्यंत टिकली पाहिजे, ती मागे घेता येते. याचिका करताना दबावाखाली मान डोलावली असेल तरी दुसऱ्या तारखेला न्यायाधीश स्वतः विचारतात, आणि तिथे ‘नाही’ म्हणता येतं. स्टॅम्पपेपरवरच्या अंगठ्याला असा दुसरा दिवस मिळत नाही.

चौथा मुद्दा, कोर्ट कुठलं. लग्न सासरच्या गावी लागलं म्हणून तिथेच जावं लागेल, या भीतीने किती मुली दावाच करत नाहीत. कलम 19 प्रमाणे याचिका मुख्यतः चार ठिकाणी करता येते: लग्न जिथे लागलं, समोरचा माणूस आज जिथे राहतो, दोघं शेवटचे जिथे एकत्र राहिले, आणि याचिका बायकोची असेल तर ती आज जिथे राहते तिथे. हे शेवटचं 2003 च्या दुरुस्तीने आलं. माहेरी परत आलेली मुलगी माहेरच्याच कोर्टात जाऊ शकते. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत कौटुंबिक न्यायालयं आहेत. जिथे ती नाहीत तिथे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, यांच्याकडे हिंदू विवाह याचिका चालते. महाराष्ट्रात 1994 पासून घटस्फोटाच्या प्रकरणात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो, आणि तिथे उत्पन्नाची अट स्त्रियांना लागत नाही. मदतीचा क्रमांक 15100. हे सगळं असताना तिला नोटरीकडे कोण आणि का नेतं, हे तिने विचारायला हवं.

गोव्यातलं चित्र निराळं आहे. तिथे हिंदू विवाह कायदा लागूच नाही. पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा सगळ्या धर्मांना चालतो, घटस्फोटाचा कायदा 1910 चा आहे, आणि कोर्टाने घटस्फोट दिला की त्याची नोंद नागरी निबंधकाकडच्या विवाहनोंदीच्या समासात होते. सावंतवाडीच्या मुलीचं लग्न गोव्यात झालं असेल तर हे आधी तपासावं.

आता शेवटचा दावा, ऑनलाइन नाव टाकून पाहण्याचा. स्थळ पाहणाऱ्यांसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि त्याबद्दल नीट कोणीच सांगत नाही.

भारतात घटस्फोटांचं मध्यवर्ती दप्तर नाही. जन्म-मृत्यूची नोंद 1969 च्या कायद्याने होते, महाराष्ट्रात विवाहाची नोंद 1998 च्या कायद्याने होते. घटस्फोटासाठी असं रजिस्टर नाही आणि त्याचा वेगळा दाखलाही निघत नाही. जे असतं ते एका विशिष्ट न्यायालयातल्या एका विशिष्ट क्रमांकाच्या फाइलमध्ये असतं. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो, पण तो एकेका न्यायालयापुरता आणि एकेका वर्षापुरता. रोमन लिपीत आडनावाचं स्पेलिंग एका अक्षराने बदललं की नाव सापडत नाही. संगणक येण्याआधीचे निकाल तिथे असतीलच असं नाही. कौटुंबिक खटल्यातले आदेश पुष्कळदा सर्वांना खुले नसतात, आणि त्याला कारण आहे. कलम 22 प्रमाणे हे खटले बंद दरवाजाआड चालतात, आणि त्यातला मजकूर छापणं किंवा प्रसिद्ध करणं दंडाला पात्र आहे. म्हणून पडद्यावर नाव दिसलं नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. आणि नाव दिसलं, पुढे ‘निकाली’ असं लिहिलेलं दिसलं, तरी घटस्फोट झाला असं होत नाही. याचिका मागे घेतली तरी ती निकाली निघते, फेटाळली तरी निकालीच निघते.

मग करायचं काय? ज्याचा घटस्फोट झाला आहे त्याच्याकडेच हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल मागायची. कलम 23(4) प्रमाणे घटस्फोट देणाऱ्या न्यायालयाने हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षांना मोफत द्यायची असते, त्यामुळे ‘माझ्याकडे कागदच नाही’ हे उत्तर मी स्वीकारत नाही. हरवली असेल तर नक्कल विभागात अर्ज करून पुन्हा काढता येते. नकलेवर न्यायालयाचा शिक्का असतो, अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी, या तारखा असतात. याचिकेचा क्रमांक आणि वर्ष असतं. महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांत घटस्फोटाच्या याचिकेला ‘ए’ आणि परस्पर संमतीच्या याचिकेला ‘एफ’ हे अक्षर लागतं. तो क्रमांक हातात आला की ई-कोर्ट्सचा खरा उपयोग सुरू होतो, कारण क्रमांकाने शोधलं की स्पेलिंगचा घोळ राहत नाही.

क्रमांकच माहीत नसेल, आईवडिलांच्या जुन्या घटस्फोटाचा कागद वारसाच्या कामासाठी हवा असेल, तर वर सांगितलेल्या कलम 19 चाच नकाशा करावा. लग्न कुठे लागलं, शेवटचे एकत्र कुठे राहिले, तो कुठे गेला, ती कुठे परतली: याचिका या तीन-चार गावांच्या न्यायालयांपैकीच कुठेतरी असणार. तिथल्या रेकॉर्ड रूममध्ये वर्षवार नोंदी चाळाव्या लागतात. पक्षकार नसलेल्या माणसाला नक्कल हवी असेल तर कारण सांगून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. माहिती अधिकारात अर्ज टाकून हे जमेल असं काहींना वाटतं. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की न्यायालयीन कागदांच्या नकला न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनीच मागायच्या.

आणखी दोन गोष्टी नकलेवर पाहाव्यात. हुकूमनामा एकतर्फी, म्हणजे दुसरी बाजू हजर नसताना दिलेला, आहे का? असेल तर दुसरी बाजू तो रद्द करून घ्यायला येऊ शकते. आणि तारीख कोणती आहे? अपिलाची मुदत 90 दिवसांची आहे, आणि कलम 15 प्रमाणे ती उलटेपर्यंत किंवा अपील फेटाळलं जाईपर्यंत पुन्हा लग्न करता येत नाही. परदेशातला निकाल दाखवणाऱ्या स्थळाबाबत तर वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊच नये. इथल्या कायद्यात नसलेल्या कारणावर किंवा बायकोला बाजू मांडायची खरी संधी न देता तिकडे मिळवलेला घटस्फोट इथे मान्य होत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 1991 मध्येच ठरवलं आहे.

असा फारकतनामा कोणाच्या कपाटात असेल तर तो फाडू नका. मराठवाड्यातल्या त्या बाईचा कागद आम्ही फेकला नाही. त्याने लग्न मोडलं नव्हतं, पण त्यावरच्या तारखेने दोघं कधीपासून वेगळे राहतात हे दाखवता आलं. नवऱ्यालाही आपलं दुसरं घर निस्तरायचं होतं, तो संमतीला तयार झाला. एकत्र याचिका केली, कागद सोबत जोडला, आणि पाच वर्षं वेगळं राहणं झालेलं असल्यामुळे सहा महिने माफ करण्याचा अर्जही दिला. तो मंजूर झाला. या वेळी तिने प्रत्येक पानावर सही केली.