उघडं ठेवा, तेल चोळा, बुडवून काढा: बाळाला समुद्रावर नेण्याच्या त्या फॉरवर्डला माझं उत्तर

डिसेंबर लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरायला लागतो, तुमच्याकडेही आला असेलच. थोडक्यात असा: बाळ तीन महिन्यांचं झालं की समुद्रावर न्या, खोबरेल तेल चोळून उन्हात उघडं ठेवा म्हणजे डी व्हिटॅमिन मिळतं, खाऱ्या पाण्यात बुडवून काढा म्हणजे इम्युनिटी वाढते आणि घामोळ्या जातात, तहान लागली तर शहाळ्याचं पाणी पाजा, झोपलं की प्रॅमवर ओढणी टाका, वाळू लागली तर पावडर चोळा. आणि शेवटी, कोळ्यांची बाळं समुद्रावरच वाढतात, त्यांना काय होतं? परवा आमच्याच बिल्डिंगमधल्या एका नव्या आईने, बाळ चार महिन्यांचं, दिवेआगरला निघायच्या आदल्या रात्री मला तोच मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, ताई हे सगळं करायचं ना? म्हणून लिहितेय.

जाऊच नका असं मी अजिबात म्हणत नाहीये. माझी लेक पाच महिन्यांची असताना आम्ही कोथरूडहून ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा करत दिवेआगरला गेलो होतो आणि सकाळी सुरूच्या बनात तिला मांडीवर घेऊन बसले होते ते मला आयुष्यभर पुरेल. पण त्या मेसेजमधलं एकेक वाक्य बाळाला त्रास देणारं आहे आणि ते "नॅचरल" म्हणून सांगितलंय ना, म्हणून लोक विश्वास ठेवतात.

उन्हाचं आधी बघू. डी व्हिटॅमिन उन्हातल्या यूव्हीबी किरणांमुळे कातडीत तयार होतं हे खरंय, पण सकाळचं कोवळं ऊन तिरपं येतं, ते हवेच्या जाड थरातून येताना यूव्हीबी बरंचसं गाळलं जातं, म्हणजे ज्या उन्हात बाळाला बरं वाटतं त्यात डी फारसं मिळतच नाही आणि ज्यात मिळतं त्या उन्हात बाळाला ठेवायचं नसतं. आपली सावली आपल्यापेक्षा लांब पडत असेल तर यूव्हीबी कमी, आखूड असेल तर जास्त, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. मग डी कुठून मिळणार? थेंबांतून. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स पहिल्या वर्षभर रोज ४०० युनिट द्यायला सांगते कारण आईच्या दुधात ते फार कमी असतं. फक्त बाटली वाचून घ्या, काही ब्रँडमध्ये एका मिलीत ४०० असतात, काहींत ८००, आणि घरात दोन वेगळ्या बाटल्या असल्या की गोंधळ होतो.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला थेट उन्हात ठेवायचंच नाही, सनस्क्रीनसुद्धा दुसरा नंबर, पहिला नंबर सावली, पूर्ण बाह्यांचं सुती झबलं आणि काठाची टोपी. सावलीच मिळत नसेल तर डॉक्टरांना विचारून गालाला, हाताच्या पंजाला थोडंसं लावता येतं. सहा महिन्यांनंतर झिंक ऑक्साइडवालं, एसपीएफ ३० किंवा वरचं. आणि छत्रीखाली बसलो म्हणजे सुटलो असं नाही हां, कोरडी वाळू साधारण १५ टक्के यूव्ही परत फेकते आणि लाटांचा फेस २५ टक्के, म्हणून पाण्याच्या कडेला छत्री रोवण्यापेक्षा मागे झाडीत बसलेलं कधीही बरं. ढग आले म्हणून टोपी काढू नका, पातळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत यूव्ही खाली येतं.

खोबरेल तेल म्हणजे सनस्क्रीन नाही. मालिशीला वापरा, मीही वापरलंय, आमच्या सासूबाई तर अजून वापरतात, पण ते लावून उन्हात ठेवणं म्हणजे आपण काहीतरी संरक्षण केलंय असं समजून बाळाला उघड्यावर सोडणं.

खाऱ्या पाण्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं कारण लोक खरंच बुडवतात, दोन्ही दंड धरून, बाळ किंचाळत असतं आणि मोबाइलवर व्हिडिओ चालू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, बाळाच्या तोंडात घोटभर गेलं तरी ते बाळासाठी कमी नाही. घामोळ्या आलेल्या किंवा कोरड्या फुटलेल्या कातडीला तेच मीठ झोंबतं आणि कातडी आणखी कोरडी पडते. इम्युनिटी लाटेने वाढत नाही, ती आईच्या दुधाने आणि वेळेवरच्या लसींनी मिळते. शिवाय इतक्या लहान बाळाची कातडी वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा खूप जास्त असते म्हणून ते पटकन गार पडतं आणि पटकन तापतं, त्याला मोठ्यांसारखं कुडकुडताही येत नाही. पाय ओले करायचेच असतील तर सहा महिन्यांनंतर, बाळ तुमच्या कडेवर, लाट पायाला लागली की लगेच वर, बस. आणि जिथे गावचा ओढा समुद्राला मिळतो तिथे तर तेही नको, सांडपाणी तिथूनच येतं.

शहाळ्याचं पाणी सहा महिन्यांच्या आत नको, साधं पाणीही नको, उकळून गार केलेलंसुद्धा नको. उन्हाळा असला तरी आईच्या दुधातच पुरेसं पाणी असतं, फक्त जास्त वेळा पाजायचं, आणि आईने स्वतः भरपूर पाणी प्यायचं, ते शहाळं तुम्ही प्या ना. फॉर्म्युला देत असाल तर तयार केलेली बाटली बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नका आणि बाळाने तोंड लावल्यावर तासाभरात संपली नाही तर ओतून द्या.

आता ओढणी. हे माझ्याकडूनच झालंय. पहिल्याच दिवशी दुपारी रूमकडे परत येताना लेक प्रॅममध्ये झोपली, ऊन लागू नये म्हणून मी माझी पातळ मलमलची ओढणी चारी बाजूंनी खोचली, अगदी नीट, आणि पंधरा-वीस मिनिटांनी सहज आत हात घातला तर आतली हवा भाताच्या कुकरचं झाकण काढल्यावर येते तशी, तिचं कपाळावरचं जावळ ओलं चिप्प, गाल लाल, मानेच्या वळीत घाम. उचलून सावलीत नेलं, झबलं सोडलं, ओल्या कपड्याने पुसलं, दूध पाजलं, सावरली. पण तो हात मी विसरत नाही. कापड पातळ असलं तरी हवा कोंडते आणि वर बाळाचा चेहराही दिसत नाही. प्रॅमचं छत ओढा, प्रॅमची दिशा बदला, नाहीतर सरळ कडेवर घ्या. बाळ तापलंय का ते हातपाय नाही, मान आणि छाती चाचपून बघायचं.

पावडर नकोच. टॅल्कम असो की कॉर्नस्टार्चची, वाऱ्यावर उडते आणि बाळाच्या श्वासात जाते, म्हणून मुलांचे डॉक्टर घरीसुद्धा नको म्हणतात, समुद्रावर तर वारा असतोच. वाळू आधी सुकू द्या, मग जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने अलगद झटका, आपोआप पडते, ओली असताना घासली की मांडीच्या सांध्यात ओरखडे उठतात. डोळ्यात गेली तर चोळायचं नाही, स्वच्छ पाण्याची बारीक धार. आणि बाळाला उघड्या वाळूवर ठेवूच नका, चटई, वर चादर, कारण किनाऱ्यावर कुत्री फिरतात आणि त्यांच्या विष्ठेतून वाळूत जंत येतात जे माणसाच्या कातडीत शिरतात.

राहिली कोळ्यांची बाळं. कुठल्याही कोळीवाड्यात दुपारी जाऊन बघा, ज्या उन्हात मासळी वाळत घातलेली असते त्या उन्हात कोणी आपलं तान्हं ठेवत नाही, ते घरात झोळीत असतं. त्यांच्याकडून शिकायचंच असेल तर भरतीचं गणित शिका: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, आपल्या किनाऱ्यावर साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, म्हणजे संध्याकाळी तुम्ही पोहोचाल तेव्हा बसायला जागाच कमी. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, म्हणजे सव्वापाच-साडेपाचला ओहोटी, वाळू भरपूर, पण त्या दिवसांत भरतीही मोठी असते म्हणून जवळ बसू नका.

त्या मैत्रिणीला मी एवढंच कळवलं: डिसेंबर-जानेवारी बरोबर निवडलायस, सकाळी नऊच्या आत किंवा साडेचारनंतर, तासभर, झाडाखाली. घाटात वळणं सुरू व्हायच्या अगदी आधी पोटभर पाजू नकोस, ओकेल. बाळ मलूल वाटलं, दूध ओढत नसेल, सहा तासांत लंगोट ओला झाला नाही किंवा ताप आला तर थांबायचं नाही, डॉक्टर. आणि तो डॉक्टर कुठे बसतो, रात्री दार उघडतो का, हे रूम बुक करतानाच घरमालकीण काकूंना विचारून घे.