आधी लॉकर, मग लिफ्ट

ऑफ-रोडिंगसाठी जुन्या मारुती जिप्सीला सर्वात आधी चार इंच लिफ्ट (गाडी उंच करणारा संच) आणि मोठे टायर बसवा, हा जिप्सीवरच्या लेखातला सल्ला मला अजिबात पटला नाही. जिप्सीला पुढे-मागे पाटेच (लीफ स्प्रिंग) आहेत. उंची एवढी वाढवली की चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो, त्याचे सांधे म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट लवकर जातात आणि चाक खाली लोंबकळलं की ब्रेकचे होज (ब्रेक ऑइलच्या लवचिक नळ्या) ताणले जातात. होजबद्दल लेखात एक ओळही नाही, आणि उतारावर जीव त्यांच्याच भरवशावर असतो! शिवाय मोठ्या टायरने गिअरिंग लांब होतं, म्हणजे चाकांना मिळणारा जोर कमी होतो. १३०० सीसीचं पेट्रोल इंजिन मग चढावर लो रेंजमध्येही (कमी वेग, जास्त जोराच्या गिअरमध्येही) दमतं.

मूळ अडचण ओपन डिफरेन्शियलची, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या जोडणीची आहे. एक चाक हवेत गेलं की तेच गरगर फिरतं, जमिनीवरचं जागचं हलत नाही. म्हणून पहिला पैसा मागच्या लॉकरवर, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरायला लावणाऱ्या यंत्रणेवर घाला. टायर खोल नक्षीचे, पण मूळ मापाच्या जवळचे घ्या. ट्रेलवर हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवा, डांबरीवर येताच पुन्हा भरा.

आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९च्या निकालानंतर कंपनीच्या मूळ तपशिलात केलेले बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२खाली अडकू शकतात, हे नव्या मालकांना सांगायलाच हवं होतं.