रमा म्हणाली मी चुकले

वरचं वाक्य पुन्हा वाचा. चुकलं कोण? रमाने स्वतःची चूक कबूल केली, की ती मला चूक ठरवतेय? मराठीत दोन्ही अर्थ निघतात. बोलताना आवाजावरून उलगडतं, कागदावर नाही. रमा म्हणाली, "मी चुकले." असं लिहिलं की शंका उरत नाही.

एवढं मोलाचं हे अवतरणचिन्ह, आणि आपण हवं तिथे गाळतो, नको तिथे पेरतो. मला याचा खरंच त्रास होतो.

मागे ओळखीतल्या एक बाई गेल्या. श्रद्धांजलीच्या मजकुरात छापलं होतं, आमच्या 'प्रेमळ' काकू. लिहिणारा मनापासून हळहळत होता, शब्द उठून दिसावा एवढाच त्याचा हेतू. पण वाचणाऱ्याला दिसतं ते 'म्हणे प्रेमळ'! शब्दावर जोर द्यायला एकेरी अवतरण चालतं असं शाळेत शिकवतात, ते मला माहीत आहे. तरी कौतुकाच्या विशेषणाला ते लावूच नये, असं माझं ठाम मत आहे. जोर द्यायला आपल्याकडे 'च' आहे, 'फार' आहे, 'किती' आहे. 'काकू फार प्रेमळ होत्या' यात काय कमी आहे?

एकेरी चिन्ह शब्दाविषयीच बोलायचं असेल तेव्हा शोभतं: 'पाणी' नपुंसकलिंगी आहे. पुस्तकाचं नाव किंवा अवतरणातलं अवतरण, तिथेही तेच.

दुहेरी चिन्हाबाबत मात्र मी हट्टी आहे. आत जे येईल ते बोलणाऱ्याचं जसंच्या तसं हवं. बैठकीत कुणी म्हणालं, "खर्चाचा विचार करावा लागेल." वृत्तांतात आलं, "खर्च कमी करावा लागेल." दोनच शब्द बदलले, पण त्या माणसाच्या तोंडी न घेतलेला निर्णय गेला. आता तो खुलासे करत बसणार.

आशयच सांगायचा असेल तर चिन्हाची गरजच नाही. मराठीत विरामचिन्हं रुजली एकोणिसाव्या शतकात, त्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी या इंग्रज अधिकाऱ्याला देतात. त्याआधी 'ऐसें', 'म्हणोन' हेच शब्द दुसऱ्याचं बोलणं पेलत होते. आजही 'असं', 'म्हणे', 'अशा अर्थाचं' आहेतच की.

म्हणून कुणाचं बोलणं लिहिताना मी आधी मूळ निरोप उघडून शब्द ताडून पाहते. तो हाताशी नसला, तर चिन्हं काढते आणि 'अशा अर्थाचं बोलले' असं लिहिते.