मराठी सिनेमाला इंग्रजी ओळी आहेत ना, मग आणखी काय हवंय?

व्हॉट्सअॅपवर फिरणारा एक मजकूर बऱ्याच जणांनी मलाही पाठवला. सारांश असा: ‘आता सगळं ओटीटीवर सबटायटलसह येतं. मराठी सिनेमालाही इंग्रजी ओळी असतात. बातम्यांत कोपऱ्यात खुणांची भाषा दाखवतात. कर्णबधिरांना ओठ वाचता येतात, नाहीतर श्रवणयंत्रं आहेतच. मूठभर लोकांसाठी निर्मात्यांवर आणि थिएटरवाल्यांवर खर्च कशाला लादता?’ लिहिणाऱ्याचा हेतू वाईट वाटत नाही, पण यातला एकही मुद्दा टिकत नाही.

इंग्रजी ओळी लिहिल्या जातात त्या मराठी न समजणाऱ्या, पण कान शाबूत असलेल्या प्रेक्षकासाठी. म्हणून त्यांत फक्त संवाद असतात. समजा, आई भाजी चिरता चिरता थबकते आणि दाराकडे बघते. ती का थबकली हे कर्णबधिर प्रेक्षकाला कळायला ‘(बाहेर मोटरसायकल थांबते)’ ही ओळ लागते. पडद्याबाहेरून कुणी हाक मारली तर ‘वसंता: आई, दार उघड’ असं बोलणाऱ्याचं नावही लागतं. इंग्रजी सबटायटलमध्ये यातलं सहसा काहीच नसतं. शिवाय मराठी शाळेत शिकलेल्या कर्णबधिर माणसाने मराठी सिनेमा इंग्रजीतून का वाचायचा? मराठी चित्राला मराठी ओळी, एवढीच मागणी आहे आणि तीच क्वचित पुरी होते. शिवाय सगळं घर मिळून बघतं त्या रोजच्या मालिकांचं काय?

ओठवाचनाबद्दल तर फारच गैरसमज आहेत. प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात. ‘पाय’ आणि ‘माय’ यांत डोळ्यांना फरक कळत नाही. क, ग, ह तोंडात मागे उच्चारले जातात, ते जवळपास दिसतच नाहीत. बाकी सगळं संदर्भावरून जुळवायचं. आता आपली कुठलीही कौटुंबिक मालिका आठवा. सासू काहीतरी भयंकर बोलते आणि कॅमेरा सुनेच्या, दिराच्या, नणंदेच्या चेहऱ्यावरून फिरतो. बोलणारीचे ओठ दिसतच नाहीत. माझ्या आत्याचे कान पन्नाशीनंतर गेले. ती अशा वेळी वळून विचारते, ‘काय म्हणाली गं?’ आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘काही नाही, नंतर सांगते.’ ते ‘नंतर’ फारसं येत नाही.

श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, पण शब्द स्पष्ट करून देईलच असं नाही. संवादाखाली वाजणारं संगीतही त्याच्याबरोबर मोठं होतं.

कोपऱ्यातला दुभाषा हवाच. भारतीय सांकेतिक भाषा ही स्वतंत्र व्याकरण असलेली भाषा आहे आणि जे तिच्यात वाढले त्यांच्यासाठी तिला पर्याय नाही. पण आत्यासारख्या, उतारवयात ऐकू येईनासं झालेल्यांना ती येत नाही. त्यांना अक्षरंच लागतात. दोन गटांच्या दोन गरजा आहेत, एक भागवली म्हणून दुसरी मिटत नाही. आणि तो दुभाषा बोटांच्या हालचाली आणि चेहऱ्यावरचे भाव दिसतील एवढा तरी मोठा असावा. खालच्या ब्रेकिंग न्यूजच्या पट्टीने त्याचे हात झाकले गेले तर त्या भाषांतराला अर्थ उरत नाही.

आता ‘मूठभर’. 2011 च्या जनगणनेत देशात 50 लाखांहून अधिक लोकांची नोंद श्रवण-अपंगत्वाखाली झाली. वयानुसार कमी ऐकू येणारे कितीतरी जण स्वतःची अशी नोंद करतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठीपुढच्या लोकांत चारातल्या एकाहून अधिकांना अडचण व्हावी इतकी श्रवणहानी असते. संध्याकाळी टीव्हीसमोर बसणारा वर्ग नेमका हाच!

खर्चाचं म्हणाल तर संवाद टाइप केलेले असतातच. वेळेनुसार ते जुळवायचे, आवाजांच्या नोंदी घालायच्या आणि एका माणसाने नीट तपासायचं. रोजच्या मालिकेत वेळेची ओढाताण होते हे मान्य. पण भाग चित्रित होऊन संकलित होतो, मगच दाखवला जातो. खरी कठीण गोष्ट थेट प्रक्षेपणाची आहे. तिथे यंत्राची मदत घ्यावी, पण सगळं यंत्रावर सोडू नये, कारण गावांची नावं, मालवणी किंवा वऱ्हाडी बोली, दोघांचं एकदम बोलणं, इथेच ते चुकतं.

थिएटरात सगळ्यांच्या पडद्यावर अक्षरं येतील ही भीतीही अनाठायी आहे. फक्त ज्याला हवं त्यालाच मजकूर दिसेल असे चष्मे आणि आसनाजवळचे छोटे पडदे आहेत, किंवा ठरावीक खेळ ओळींसह लावता येतात. केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने मार्च 2024 मध्ये थिएटरांसाठी मार्गदर्शक तत्त्वंही काढली.

राहिला ‘लादण्या’चा मुद्दा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात टीव्ही कार्यक्रमांना सांकेतिक भाषा किंवा उपशीर्षकं असावीत हे लिहिलेलं आहे. 2023 मध्ये ‘पठाण’च्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयाने ओटीटी आवृत्तीसाठी हिंदीतून सबटायटल आणि क्लोज्ड कॅप्शन (संवादांसोबत आवाजांच्या नोंदीही असलेल्या ओळी) करायला सांगितलं. हिंदी चित्राला हिंदी ओळी. अमेरिकेत 13 इंच आणि त्याहून मोठ्या टीव्ही संचांत कॅप्शन दाखवण्याची सोय 1993 पासून सक्तीची आहे. तिकीट आणि वर्गणी कर्णबधिर प्रेक्षकही पूर्णच भरतो, तेव्हा मराठी निर्मात्यांनी आणि वाहिन्यांनी न्यायालयाच्या आदेशाची वाट का पाहावी?