थंड गाडी, पिळलेला ॲक्सिलरेटर आणि निर्दोष मेन जेट

सेकंडहँड मोटारसायकल घेणाऱ्यांमध्ये एक सल्ला फार फिरतो: थंड गाडी सुरू होत नसेल तर चोक ओढा, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून दहा किका मारा. नाही झाली तर नवा प्लग टाका, कार्बोरेटरचा (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचा) स्क्रू अर्धा फेरा आत घ्या, आणि कायमचा बंदोबस्त हवा असेल तर एक नंबर मोठा मेन जेट (त्यातली पेट्रोल सोडणारी मुख्य भोकाची पितळी नळी) बसवा. यातला चोक तेवढा बरोबर आहे.

आधी ॲक्सिलरेटर. बऱ्याच गाड्यांत ज्याला आपण चोक म्हणतो तो खरा चोक नसतोच; ती जादा पेट्रोलची वेगळी बारीक वाट असते. ॲक्सिलरेटर बंद असताना इंजिनाच्या बाजूला जी जोरदार ओढ तयार होते, तिच्यावरच ही वाट चालते. पिळलात की ओढ गेली आणि जादा पेट्रोलही गेलं. खरा चोक, म्हणजे कार्बोरेटरच्या तोंडावर हवा अडवणारी पत्र्याची झडप, असेल तर उलटा प्रकार होतो: पिळल्याबरोबर सगळी ओढ मेन जेटवर पडते आणि प्लग भिजतो. म्हणून चोक पूर्ण, ॲक्सिलरेटर बंद, चावी बंद ठेवून दोन-तीन सावकाश किका, मग चावी चालू करून एक दमदार किक. ॲक्सिलरेटर पूर्ण उघडायचा तो प्लग भिजल्यावर, आणि तेव्हा चोक बंद हवा. (इंजेक्शनच्या गाडीला यातलं काहीच लागू नाही. चावी लावा, पंपाची दोन-तीन सेकंदांची घरघर थांबू द्या, ॲक्सिलरेटरला हात न लावता सेल्फ मारा.)

“नवा प्लग टाका” हा सल्ला टिकून राहिला, कारण तो एकदा लागू पडतो. भिजलेल्या प्लगच्या जागी कोरडा आला की गाडी सुरू होते; जुनाच पुसून वाळवून लावला असता तरी बहुधा झाली असती. प्लग बदलण्याआधी वाचायचा असतो. आठ-दहा किका फुकट गेल्यावर लगेच खोला. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, ठिणगी किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) कमी पडतंय. गॅप, म्हणजे प्लगच्या टोकांमधली फट, मोजा, बहुतेक गाड्यांना ०.६ ते ०.८ मिमी लागतो. झिजून १ मिमीच्या पुढे गेला असेल तर थंडीत अशक्त बॅटरीवर ठिणगी उडी मारत नाही.

प्लग कोरडा निघाला तर पेट्रोलच पोचत नाही. कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणाऱ्या फ्लोटच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. इंजिन गार हवं, आसपास ठिणगी नको. तळाला वेगळा थेंब किंवा थर बसला तर ते पाणी. धार सुरुवातीला जाड आणि मग बारीक होत असेल तर टाकीचं झाकण उघडून बघा. धार सुधारली की झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, नाही तर कॉकची (टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीची) जाळी. व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिनाच्या ओढीवर, चालणारा कॉक इंजिन बंद असताना धार देतच नाही, त्याला ‘प्राइम’वर ठेवून तपासा.

पेट्रोलचा वास बघायला विसरू नका. महिनोन् महिने उभ्या गाडीतल्या पेट्रोलचा हलका भाग आधी उडतो, आणि थंड इंजिनात पेट घेतो तो नेमका हलकाच भाग. म्हणून अशी गाडी ढकलून एकदा तापली की ठीक चालते. उरलेल्या पेट्रोलचा चिकट थर स्लो जेटमध्ये (बंद ॲक्सिलरेटरवर पेट्रोल देणाऱ्या बारीक जेटमध्ये) बसतो, त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं.

इथेच सल्ल्यातल्या कार्बोरेटरच्या स्क्रूचा गोंधळ. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा. आत घेतला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो मिश्रणाचा; आत घेतला की पेट्रोल कमी होतं. म्हणजे तोच अर्धा फेरा एका गाडीला बरा आणि दुसरीला बाधतो. त्यापेक्षा त्याचा उपयोग तपासणीसाठी करा: तापलेलं इंजिन स्लोवर ठेवून फेरे मोजत स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घ्या. इंजिनाच्या आवाजात काहीच फरक पडला नाही तर स्लो जेटची वाट बुजली आहे. जेट काढून कार्ब क्लीनर आणि हवेने साफ करा. स्टीलची तार घातली की पितळेचं भोक मोठं होतं. मग स्क्रू मोजलेल्या फेऱ्यांवर परत.

मेन जेट काम करतो तो साधारण पाऊण ॲक्सिलरेटरच्या पुढे. बंद ॲक्सिलरेटरवर सुरू होणाऱ्या गाडीत तो मोठा करून सकाळची किक सुधारणार नाही, पेट्रोल मात्र जास्त जाईल. उलट, आधीच्या मालकाने हाच सल्ला ऐकला होता का ते बघा: जेटवर कोरलेला आकडा मॅन्युअलशी ताडा.

त्या सल्ल्यात टॅपेटचं, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातल्या फटीचं, नावही नाही. गाडी ढकलून सुरू होते पण किकने होत नाही, आणि बॅटरी, प्लग ठीक आहेत, तर फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घेऊन ती फट मोजा. इंजिन रात्रभर गार झालेलं असावं. सैल टॅपेट वाजतो म्हणून कळतो. घट्ट झालेला आवाज न करता व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवतो आणि कॉम्प्रेशन खातो.