मुक्या गाड्या आणि आमच्या पाणंदी

मे महिन्यात आणि गणपतीत आमच्याकडे येणाऱ्या गाड्या हल्ली आवाजच करत नाहीत, अशी तक्रार केली की लोक आधी हसतात. "पूर्वी आवाज करतात म्हणून ओरडत होतात, आता करत नाहीत म्हणून ओरडताय!" खरं आहे. डिझेलच्या धुराने आणि कर्कश हॉर्नने आमचीही डोकी उठलेली आहेत. हायब्रिड गाड्यांना माझा विरोध नाही. उलट त्यांचं ॲव्हरेज ऐकलं की मलाही मोह होतो. पण तळकोकणातल्या वाडीत माणूस रस्त्याने कसा चालतो हे ज्याने पाहिलंय, त्याला माझं म्हणणं लगेच कळेल.

आमच्याकडे फुटपाथ नावाची गोष्ट नाही. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, मधे एक गाडी जेमतेम जाईल एवढं डांबर आणि थोडं चाललं की वळण. गडग्यावर घाणेरी आणि करवंदीची जाळी माजलेली असते, त्यामुळे वळणापलीकडचं काही दिसत नाही. मधेच एखादी पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची पायवाट, दोन गडग्यांच्या फटीतून थेट रस्त्यावर उतरते. अशा रस्त्यावर माणूस कानाने चालतो. मागून गाडी आल्याचं ऐकू आलं की गडग्याला पाठ लावून उभं राहायचं, गाडी गेली की पुढे चालू लागायचं. एसटी कुठल्या वळणावर आली हे आमच्याकडच्या म्हाताऱ्या ओटीवर बसून सांगतात, आणि रिक्षा आली तर ती कोणाची हेही सांगतात. पिढ्यान्‌पिढ्या हीच आमची रस्ता सुरक्षा. ती कोणी लिहून ठेवलेली नाही, त्यामुळे ती बंद पडली तरी कोणाला पत्ता लागत नाही.

हायब्रिडचं तंत्र साधं आहे. स्ट्राँग हायब्रिड गाडीत इंजिनही असतं आणि मोटारही. गाडी सुरू होताना, हळू चालताना आणि मागे घेताना बॅटरीत पुरेसा चार्ज असेल तर ती बरेचदा नुसत्या मोटारीवर चालते, इंजिन झोपलेलं असतं. वेग वाढला, चढ लागला की इंजिन जागं होतं. (माइल्ड हायब्रिड वेगळी. तिचं इंजिन नेहमीसारखंच चालतं, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.) शहरात सिग्नलवर उभं राहताना हे उत्तम. आमच्याकडे काय होतं बघा. गाडी बंदरावरून वर येते तेव्हा चढ असल्यामुळे इंजिन चालू असतं, सगळ्यांना ऐकू येतं. तीच गाडी संध्याकाळी खाली उतरते तेव्हा उतारावर इंजिन बंद, शिवाय बॅटरी चार्ज होत असते. म्हणजे जिथे गाडी आपसूक वेग घेते तिथेच ती मुकी होते. सकाळी त्या गाडीचा आवाज ऐकलेला माणूस संध्याकाळीही त्याच आवाजाची वाट बघतो. निव्वळ इलेक्ट्रिक गाडी कधीच इंजिनासारखी वाजत नाही, माणूस कधीतरी तिला सरावेल. हायब्रिड अर्धा वेळ वाजते आणि अर्धा वेळ वाजत नाही, ते जास्त वाईट.

दुसरी गोष्ट होमस्टेसमोरची. पाहुणे सामान भरत असतात, गाडीत एसी चालू असतो, गाडी निघायला तयार असते, पण इंजिन गप्प. बाहेरच्याला वाटतं गाडी बंद आहे. पोरं बंपरला टेकून उभी राहतात, कोंबड्या चाकाखाली सावलीला बसतात. आत बसलेल्याने गिअर टाकून पाय ठेवला की गाडी हलली. घरघर नाही, थरथर नाही, सूचना म्हणून काहीच नाही.

मागच्या मे महिन्यात शेजारच्या काकींच्या बाबतीत हेच झालं. काकी माडाच्या बागेतून चुडतं, म्हणजे झावळ्या, ओढत पाखाडीने खाली येत होत्या. दोन्ही काखांत एकेक चुडत, मागे जमिनीवर खरखर आवाज, म्हणजे त्यांच्या कानाला ऐकू येत होतं ते फक्त स्वतःचंच ओझं. पायथ्याशी एका पाहुण्याची हायब्रिड मागे येत होती. काकी रस्त्यावर उतरल्या आणि चुडताचं टोक बंपरला लागलं. गाडी थांबली. चुडत आडवं आलं म्हणून, नाहीतर गुडघाच होता. पुण्याचा मुलगा, अगदी नम्र, घाबरून खाली उतरला. "काकू, सेन्सर वाजला म्हणून तर थांबलो!" काकी म्हणाल्या, "खंय वाजलो तो? माका नाय आयकाक इलो. तुजी गाडी मुकी, नि तू पण मुको!"

त्या मुलाचा फार दोष नाही असं मला वाटतं. पण काकींनी बोट ठेवलं ते नेमक्या जागी. जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना रिव्हर्स पार्किंग सेन्सर सक्तीचा झाला. चांगली गोष्ट. पण तो वाजतो गाडीच्या आत, चालवणाऱ्याच्या कानाशी. ज्याच्या अंगावर गाडी येतेय त्याला काहीच ऐकू येत नाही. सगळी खबरबात काचेच्या आत आणि चालणारा काचेच्या बाहेर.

हे फक्त आमच्या वाडीचं रडगाणं आहे असंही नाही. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा प्रशासनाने २००९ मध्ये अपघातांच्या नोंदी तपासल्या. वेग कमी करताना, थांबताना, मागे घेताना, पार्किंगमध्ये शिरता-निघताना हायब्रिड गाडीने पादचाऱ्याला धडक देण्याची शक्यता साध्या गाडीच्या जवळजवळ दुप्पट निघाली. २०११ मध्ये त्यांनी जास्त नोंदी घेऊन पुन्हा पाहिलं, तेव्हा एकूण पादचारी अपघातांत ३५ टक्के आणि सायकलस्वारांच्या बाबतीत ५७ टक्के जास्त धोका दिसला. ब्रिटनमध्ये २०१३ ते २०१७ च्या नोंदींवरचा एक अभ्यास २०२४ मध्ये आला, त्यातही तेवढ्याच अंतरामागे इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांकडून पादचाऱ्यांना धडक बसण्याचं प्रमाण दुप्पट होतं. अभ्यास करणाऱ्यांनी स्वतःच सांगितलंय की अशा गाड्या चालवणारे जास्त तरुण असू शकतात, तेही एक कारण असेल. मान्य. पण २००९ च्या यादीतली कामं पुन्हा वाचा. हळू होणं, थांबणं, मागे घेणं, वळून आत शिरणं. आमच्या वाडीत गाडी चालवणं म्हणजे एवढंच असतं हो! दुसरं काही करायला जागाच नाही.

या प्रश्नाला पहिल्यांदा वाचा फोडली ती अंध लोकांच्या संघटनांनी. रस्ता ओलांडताना अंध माणूस गाड्यांच्या आवाजावरूनच अंदाज बांधतो, त्यामुळे मुकी गाडी म्हणजे काय हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं. जपानने २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, अमेरिकेत २०११ च्या जानेवारीत कायद्यावर सही झाली. युरोपात १ जुलै २०१९ पासून नव्या मॉडेलना आणि १ जुलै २०२१ पासून सगळ्या नव्या इलेक्ट्रिक व हायब्रिड गाड्यांना बाहेर आवाज करणारी यंत्रणा सक्तीची आहे. तिला अवास (AVAS) म्हणतात. साधारण २० किलोमीटर वेगापर्यंत आणि मागे घेताना ती वाजते. त्यापुढे टायरचाच आवाज पुरतो असं मानतात. अमेरिकेत ही मर्यादा सुमारे ३० किलोमीटर आहे, आणि मला ती जास्त पटते.

हा आवाज भोंगा नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्या ग्रुपवर कोणीतरी "आता प्रत्येक गाडीला सायरन लावा" अशी थट्टा केली होती. संयुक्त राष्ट्रांच्या नियमात ताशी १० किलोमीटरला किमान ५० डेसिबल आणि २० ला ५६ डेसिबल मागितलेत. ५६ डेसिबल म्हणजे ओटीवर दोघं साधं बोलत बसलेत तेवढं. वरची मर्यादाही आहे, ७५ डेसिबल. वेग वाढला की स्वर चढला पाहिजे, म्हणजे न बघता कळतं की गाडी थांबतेय की येतेय. आणि आवाजाचा एक भाग फार उंच नसलेल्या स्वरात, म्हणजे १६०० हर्ट्झच्या पट्ट्यात किंवा त्याखाली हवा. वय झालं की आधी बारीक, उंच स्वर ऐकू येईनासे होतात, आणि दिवसा आमच्या रस्त्याने चालणारे निम्मे लोक त्याच वयाचे. पोरं मुंबईत, आईवडील इथे.

आपल्याकडे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये मसुदा काढला. इलेक्ट्रिक प्रवासी आणि मालवाहू गाड्यांच्या नव्या मॉडेलना १ ऑक्टोबर २०२६ पासून आणि आधीपासून बाजारात असलेल्या मॉडेलना १ ऑक्टोबर २०२७ पासून अवास सक्तीची करायची, असा प्रस्ताव होता. स्वागत आहे. पण चर्चा सगळी 'इलेक्ट्रिक'ची चालली आहे. बॅटरीवर हळू चालणाऱ्या हायब्रिड गाडीचं नाव नियमात ठसठशीत हवं, पळवाट राहता कामा नये. बॅटरीच्या दुचाक्याही या चारचाकी वर्गांत बसत नाहीत, आणि किनाऱ्यावर पर्यटकांना भाड्याने मिळणाऱ्या अशा स्कूटर वाढत चालल्यात. शिवाय जी गाडी आधीच विकली गेली तिचं काय? मुंबईत वापरून झालेली गाडी सेकंडहँड होऊन कोकणातच येते आणि इथे पुढे वर्षानुवर्षं चालते. आजच्या मुक्या गाड्या आमच्या रस्त्यावर म्हाताऱ्या होणार आहेत.

आता आवाज बसवला की काम झालं असं म्हणणाऱ्यांसाठी, जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडे येऊन बघा. छत्रीवर पाऊस कोसळत असतो, पन्हळीतून धार पडत असते, खाली समुद्र गर्जत असतो. त्यात ५६ डेसिबल कुठे ऐकू येणार? पावसात नेहमीच्या गाडीचा आवाजही उशिराच येतो. छत्री वाऱ्याच्या दिशेने खाली धरलेली असते, त्यामुळे समोरचंही दिसत नाही. गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या येतात त्या याच दिवसांत. म्हणून यंत्रणा हवी म्हणजे हवीच, पण तिच्या भरवशावर वेग ठेवू नका. वळणापलीकडे माणूस आहेच असं धरून गाडी चालवायची, एवढंच मागणं आहे. आमचे एसटीचे ड्रायव्हर तेच करतात, आणि त्यांची गाडी तर अर्ध्या गावाला ऐकू जाते.

हॉर्नचं काय, हा पुढचा प्रश्न. ट्रकमागचं 'हॉर्न ओके प्लीज' २०१५ मध्ये महाराष्ट्राने बंद केलं, शहरांत हॉर्न वाजवू नका म्हणून मोहिमा होतात. त्याच शिकवणीत वाढलेली मुलं आमच्याकडे येतात आणि हॉर्न न वाजवणं ही सभ्यता समजून गप्प वळण घेतात. बाबांनो, इथली सभ्यता उलटी आहे. गडग्याच्या आंधळ्या वळणाआधी एक छोटा हॉर्न द्या, कोणी नावं ठेवणार नाही. पण माणसाच्या पाठीशी येऊन दाबू नका. म्हातारं माणूस दचकून कुठल्या बाजूला उडी मारेल सांगता येत नाही, आणि आमच्या रस्त्याला उडी मारायला बाजूच नाही. माणूस पुढे चालत असेल तर त्याच्या मागे चालीने या. त्याला कळेल, तो गडग्याला लागेल. पाच-दहा सेकंद जातील. समुद्र काही पळून जात नाही.

"चालणाऱ्यांनीही बघून चालावं" असं कोणी लिहील म्हणून आधीच सांगतो. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली, त्यांतले ३२ हजार ८२५ पादचारी होते. हे सगळे मोबाईल बघत चालत होते का? आमच्याकडची बाई डोक्यावर मासळीची पाटी घेऊन चालते, तिला मान वळवता येत नाही. पोर शाळेचं दप्तर पाठीवर आणि छत्री तोंडासमोर घेऊन चालतं. त्यांनी अजून किती बघायचं?

करायच्या गोष्टी अवघड नाहीत. ग्रामपंचायतीने आंधळ्या वळणांवर बहिर्गोल आरसे लावावेत आणि गडग्यावरची जाळी वर्षातून दोनदा साफ करावी, किमान मे महिन्याआधी आणि गणपतीआधी. होमस्टेवाल्यांनी पाहुण्यांना खोलीची चावी देतानाच सांगावं की इथे रस्त्यावर माणसं चालतात, गाडी मागे घ्यायची असेल तर एकाने उतरून मागे उभं राहा. माझं विचाराल तर पाहुण्यांच्या गाड्या वाडीच्या तोंडाशी, मुख्य रस्त्यालगत लावाव्यात आणि पुढे पायी यावं. हे मी बोललो तेव्हा होमस्टेवाले माझ्यावर चिडले, म्हणाले बॅगा कोण उचलणार. त्यांचा धंदा आहे, त्यांचं चुकलं असंही नाही. पण बॅगा सोडून गाडी परत वर नेऊन लावता येते की!

आरशांचा विषय मी पुढच्या ग्रामसभेत मांडणार आहे. तुमच्या गावात कोणी असे आरसे बसवले असतील तर खर्च किती आला, कुठल्या निधीतून केला आणि खाऱ्या वाऱ्यात ते किती दिवस टिकले, हे खाली लिहा. फोटो असतील तर टाका. नुसतं 'सहमत' नको.