आजार ज्याचा, माहिती आधी त्याला

"पेशंटला काही सांगू नका, खचून जाईल." मोटर न्यूरॉन डिसीजच्या बाबतीत हा सल्ला मला साफ चुकीचा वाटतो. आमच्या नानांच्या वेळी तो डॉक्टरांनीही दिला आणि अमळनेर-पारोळ्यातल्या सगळ्या पाहुण्यांनीही.

या आजारात स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरतात. हात, पाय, जीभ, गिळणं आणि शेवटी श्वास. नजर, कान, स्पर्श मात्र शाबूत राहतात आणि बहुतेकांची समजही. म्हणजे दाराशी चाललेली आपली कुजबुज खाटेवरच्या माणसाला नीट ऐकू येते.

आपल्याकडे हातपाय गळाले की पहिला शब्द लकवा. मग अमुक गावचं तेल, तमुक बाबाचा काढा. लकवा एका झटक्यात येतो, हा महिनोन् महिने सरपटत येतो, एवढं कुणी आधी सांगितलं असतं तर गाडीभाडं तरी वाचलं असतं. मणक्याचं ऑपरेशन सुचवणारेही भेटले. रिलुझोलची गोळी १९९५ पासून आहे. ती आजाराचा वेग थोडा कमी करते, गेलेली ताकद परत आणत नाही. हेही पेशंटला स्पष्ट सांगायला हवं, म्हणजे शेत विकून चमत्कार शोधायची वेळ येत नाही.

माझा खरा मुद्दा पुढचा आहे. गिळता येईनासं झाल्यावर अन्नासाठी पोटातून नळी घालायची का, हे श्वासाची ताकद फार खालावण्याआधी ठरवावं लागतं. आडवं झाल्यावर दम लागणं, झोपमोड, सकाळी उठल्यावर डोकं दुखणं ही रात्रीचा श्वास कमी पडत असल्याची लक्षणं असू शकतात. तिथे बायपॅप, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाला मदत करणारं मशीन लागतं. ऑक्सिजनचा सिलिंडर हा त्याला पर्याय नाही, उलट कधी कधी घातक ठरतो. आणि आणखी पुढे, व्हेंटिलेटरवर जायचं की नाही? हे निर्णय मुलगा, जावई आणि भाऊबंद बैठक घेऊन कसे काय करतात? ज्याचा श्वास आहे त्याला विचारा, तो बोलतोय तोवर.

आता नानांचं बोलणं गेलंय. जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत क-ख-ग लिहिलंय. ओळीवरून बोट फिरवायचं, हवी ती ओळ आली की ते डोळे मिटतात, मग त्या ओळीतलं अक्षर. काना-मात्रा आम्ही समजून घेतो. परवा बराच वेळ लावून त्यांनी विचारलं, "कापूस कितीला गेला?" या माणसापासून आजार लपवायचा होता म्हणे!

ही पुठ्ठ्याची युक्ती आम्हाला शिरपूरकडच्या एका ताईंनी शिकवली. त्यांच्या घरी हाच आजार होता. पातळ चहाने ठसका लागतो पण घट्ट खिचडी उतरते, हेही त्यांचंच. फोनवर अहिराणीत दहा मिनिटं बोलल्या, मायचा जीव भांड्यात पडला. बघायला येणाऱ्यांनी सफरचंदं आणण्यापेक्षा दोन तास बसावं, मायला बाजारात जाऊन येऊ द्यावं.

सरकारी बाजूही माहीत असू द्या. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत दीर्घकालीन चेतासंस्थेचे आजार आहेत. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज लवकर करा, पेशंट गाडीत बसू शकतोय तोवर. नंतर तपासणीला नेणं फार जड जातं.

धुळे, जळगाव, नंदुरबारकडे कुणाच्या घरी असा पेशंट असेल तर इनबॉक्समध्ये या. पुठ्ठ्याचा फोटो पाठवतो. मायशीही बोलता येईल, दुपारी तीननंतर तिला थोडी उसंत असते.